अख्तरीबीचा गोळी-सोडा

गुलमंडीत कुजबुज होती, की विधवा अख्तरीबीच्या गोळी-सोड्यातला वायू जिन पिऊन जातो. निजामाच्या राज्यात जिनांना दुसरा धंदाच नव्हता म्हणा! गिऱ्हाईक तुटलं, चूल विझायला आली. तेव्हा बाई भर बाजारात सोड्याचं सामान विकणाऱ्या काकासाहेबांच्या दुकानी गेली. बाटलीच्या गळ्यात बसवायला त्यांनीच विकलेलं रबराचं कडं तिनं पुढं धरलं.

"अजी काकासाहेब, यात नख रुतवा की!"

"रुतत नाय."

"मग बाटलीचं तोंड बंद करणारी काचेची गोळी यात कशी रुतंल? रबर दबलं तरच वायू कोंडतो. अन् जिनाची बात उठवली कोणी?"

काकासाहेब पानाचा डबा धुंडाळू लागले. निर्लज्ज माणूस!

जिन नव्हता. काकासाहेबांनी पत्र्याखाली वाळून कडक झालेली रबरं जाणूनबुजून विकली होती, आणि तो दोष झाकायला जिनाची अफवाही त्यांनीच उठवली होती.