रिव्हर्स न घालता नेपाळ

परदेशात स्वतःची गाडी घेऊन गेलं तर मान खाली घालून राहावं, हे मला माझ्या मेहुण्याने शिकवलं. तो त्याला लो प्रोफाइल म्हणतो. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. कांदिवलीला राहतो, कचेरीत कारकून होता, अजूनही चपला काढतो त्या सरळ रेषेत. मी सातवी पास. विक्रोळीच्या एका कारखान्यात साहेबांच्या गाड्या चालवत निवृत्त झालो. लो प्रोफाइल हा शब्द मी पंचाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा ऐकला. आणि तेव्हा माझी गाडी अशी होती की ती आमच्या गल्लीत शिरली की पलीकडच्या गल्लीतली माणसं उठून बसायची.

त्याचं कारण गाडीच्या मागे बसवलेला डबा. गाडी रिव्हर्समध्ये घातली की हा डबा आरतीची धून वाजवतो. एके काळी पुष्कळ गाड्यांना असे डबे असायचे, आता आमच्या भागात माझाच उरलाय. हौस माझी नव्हे. निवृत्तीनंतर जुनी गाडी घेतली तेव्हा ही माझ्याबरोबर दुकानात आली आणि दुकानदाराकडच्या सगळ्या धुना वाजवून बघितल्या. चिमणी नको म्हणाली, सिनेमाचं गाणं नको म्हणाली, आरती घेतली. आमची बैठी चाळ. गाडी लावायची जागा बोळाच्या टोकाला, आणि बोळ इतका चिंचोळा की गाडी उलटीच आत न्यावी लागते. त्याला दोन मिनिटं लागतात. धून सुरू झाली की ही गॅस पेटवायची. मी गाडी लावून, कुलूप घालून, पाय धुऊन आत आलो की ती चहा गाळत असायची. सोळा वर्षं हे असंच चाललं.

ती जाऊन दहा महिने झाले होते, तेव्हाची ही गोष्ट. धून वाजायची, मी आत यायचो, गॅस बंद. दिवसभर माणूस काहीतरी करून वेळ काढतो, पण माझं गाडं रोज तिथे येऊन अडायचं. तरीही डबा काढावा असं कधी वाटलं नाही. घरात तिच्याशी बोलणारं तेवढं एकच यंत्र उरलं होतं.

तिला परदेश बघायचा होता. किराणावाल्याच्या कॅलेंडरवर एक तळं होतं, मागे बर्फाचा डोंगर आणि खाली लिहिलेलं, नेपाळ. वर्ष संपलं तरी तिने ते पान भिंतीवरून काढू दिलं नाही. विमानाने जाऊ म्हटलं तर म्हणाली, "माका इमानात घालू नको. थंय खिडकी उघडूक येत नाय." मग आपल्या गाडीने जायचं ठरलं. दरवर्षी काहीतरी आड यायचं. कधी गणपतीला गावी, कधी कोणाचं लग्न, शेवटी तिचं दुखणं. म्हणून मी ठरवलं की आता जायचं. तीच गाडी, तोच डबा.

मुलगी नाहूरला असते. ती म्हणाली, "बाबा, एकटे जाणार असाल तर गाडीची चावी मी घेऊन जाते." नाइलाजाने मेहुण्याला विचारलं. खरं सांगायचं तर आमच्या दोघांत बोलण्यासारखं काही नव्हतंच. मध्ये ती होती म्हणून बोलणं व्हायचं. पूर्वी दर रविवारी यायचा. ती गेल्यावर यायचाच बंद झाला, आणि मी त्याचा राग धरून बसलो होतो.

तो आला वही घेऊन. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मागच्या काचेपाशी थांबला.

"भावोजी, हे काय लिहिलंय?"

"मुक्काम पोस्ट कणकवली. वाचता येत नाही काय?"

"पण एवढ्या मोठ्या अक्षरात?"

"लहान अक्षरात लिहायला कणकवली काय लहान आहे?"

त्याने वही उघडली. "हे बघा. तिथल्या खाजगी गाड्यांची नंबरप्लेट लाल असते, आपली पांढरी. लांबूनच कळतं परकी गाडी आहे. वर ही जत्रा कशाला? हॉर्न मारायचा नाही. कोणाला ओव्हरटेक करून हात दाखवायचा नाही. कोणाला शहाणपण शिकवायचं नाही. आणि आमच्या मुंबईत असं नसतं, हे वाक्य तर तोंडातून काढायचंच नाही."

"मग बोलायचं काय?"

"तुम्ही गाडी चालवा. बोलायचं ते मी बोलतो."

त्याने झेंडूची माळ काढली, लिंबूमिरची काढली, आरशाला लटकणारे घुंगरू काढले. मागची अक्षरं ब्लेडने खरवडायला घेतली. अर्ध्यात ब्लेड मोडलं आणि काचेवर नुसतं 'वली' उरलं. मी म्हटलं, "तुझ्या कांदिवलीपुरतं ठेवलंस वाटतं." तो हसला नाही. बोट डब्याकडे दाखवून म्हणाला, "आणि हा काढायचा."

"नाही."

"भावोजी, परक्या देशात आरती वाजवत उलटी येणारी गाडी बघून लोक जमतील. पोलीस विचारतील."

घाटकोपरच्या गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याने बॅटरी मारून आत बघितलं आणि म्हणाला, "काका, आतले टाके सुटत आलेत. बाहेरून वायर जरी हलवली तरी परत वाजेल याची गॅरंटी नाही. असला पीस आता मिळत नाही. वाजतोय तोवर वाजू दे."

ऐकलंस ना, म्हटलं मी. मेहुणा म्हणाला, मग मी येत नाही. मी म्हटलं, नको येऊ. चहा न घेता गेला. संध्याकाळी फोन आला. "मी येतो. पण एक अट. सीमा ओलांडली की परत येईपर्यंत रिव्हर्स घालायचाच नाही."

सगळं आयुष्य गाडी चालवली, पण असली अट कोणी घातली नव्हती. मी हो म्हटलं. ईर्ष्येने म्हटलं म्हणा.

आपल्या देशात असेपर्यंत मी वचपा काढला. प्रत्येक ढाब्यावर गरज नसताना रिव्हर्स घेतला. मेहुणा तेवढ्यात उतरून लांब जाऊन पाठ करून उभा राहायचा. मला वाटलं, लाजतो.

गोरखपूरच्या पुढे सोनौलीला सीमा लागते. तिथे गाडी आत न्यायचा परवाना काढावा लागतो, त्याला ते भन्सार म्हणतात. मेहुण्याने सगळ्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स आणल्या होत्या, त्यामुळे तो फार खूश होता. खिडकीमागच्या माणसाने विचारलं, "कहाँ जाना है?" मेहुणा सुरू झाला, धार्मिक, पर्यटन, ज्येष्ठ नागरिक. मी मधेच म्हटलं, "तालाब देखने." त्याने शिक्का मारला.

आता रिव्हर्स न घालता गाडी चालवायची म्हणजे काय, हे ज्याने केलं त्यालाच कळेल. वळण चुकलं तर दोन मैल पुढे जाऊन गोल फिरायचं. हॉटेलसमोर जागा असली तरी लावायची नाही, बाहेर निघता येईल का ते आधी बघायचं. जेवण कुठे चांगलं मिळतं हे विचारायचं सोडून आम्ही मैदान कुठे आहे हे विचारत होतो.

बुटवलला लॉजवाल्याने गाडी भिंतीला तोंड करून लावायला लावली. सकाळी निघायचं तर मागे घेणं भाग. मेहुणा म्हणाला, "न्यूट्रलमध्ये टाका, मी ढकलतो." मी स्टिअरिंग धरून, तो बॉनेटला हात लावून. लॉजवाला दात घासत बाहेर आला.

"गाड़ी खराब है?"

"नहीं, नहीं. एकदम बढ़िया है," मेहुणा धापा टाकत म्हणाला.

"फिर धक्का क्यों?"

मेहुण्याने जरा विचार केला. "व्यायाम."

लॉजवाला भला माणूस. त्याचा विश्वास बसला नाही, पण त्याने शेजारच्या दोघांना हाक मारली. त्यांनी आणखी दोघांना. एकाने बॉनेट उघडायला लावलं, दुसऱ्याने ओळखीच्या मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री आला, त्याने गाडी चालू केली, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, इंजिनला काही झालेलं नाही. सगळे आमच्याकडे बघायला लागले. आम्ही निघालो तेव्हा अख्खा रस्ता टाटा करत होता. मी म्हटलं, "हेच काय तुझं लो प्रोफाइल?" मेहुणा वही उघडून पुढचं मैदान शोधायला लागला.

पाल्पा ओलांडलं आणि रस्ता नदीकडे उतरायला लागला. एका वळणावर डोंगर खचून अर्धा रस्ता दगडांखाली गेला होता. एकच गाडी जाईल एवढी वाट. आम्ही त्या वाटेत शिरलो आणि समोरून खचाखच भरलेली बस आली. बसला मागे जायला जागा नाही. आमच्या मागे शंभर पावलांवर रस्ता रुंद होता, पण तिथवर चढ. बसवाल्याने हात केला, मागे घ्या.

मी मेहुण्याकडे बघितलं. तो उतरला आणि बॉनेटला हात लावून गाडी चढावर ढकलायला लागला. पासष्टी ओलांडलेला माणूस. गाडी वीतभरही हलेना. बसच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली, माणसं हसायला लागली.

मी उतरलो. "अरे, बाजूला हो, चेंगरशील. लोकांची एवढी कसली लाज वाटते तुला?"

"लोकांचं मरू दे," तो म्हणाला. बॉनेटवरचे हात तसेच. "माकाच ऐकवत नाय, भावोजी. रविवारी ती धून वाजली की ताई मला म्हणायची, उठ, फ्रीजमधून दूध काढ. दूध काढायचं काम माझं होतं. तुमच्या बोळाच्या तोंडापर्यंत तीनदा येऊन परत गेलो मी. तुमची गाडी आत जात होती."

दहा महिने मी असा वागलो होतो, की बाई फक्त माझी गेली. ती माझ्याआधी त्याची होती. त्याला कडेवर घेऊन नदीवर धुणं धुवायला जायची, हे तिनेच मला सांगितलं होतं.

मी म्हटलं, "डबा काढू का? आत्ता काढतो. स्क्रूड्रायव्हर आहे डिकीत." आणि मी खरंच काढला असता. डिकीपर्यंत गेलोही.

त्याने नाक पुसलं. "एवढ्या लांब आणलाय तर राहू दे. बसवाला खोळंबलाय. घाला रिव्हर्स."

या वेळी तो लांब जाऊन उभा राहिला नाही. शेजारी येऊन बसला. मी गाडी मागे घ्यायला लागलो आणि त्या डोंगरात आमच्या बोळातली धून वाजायला लागली. बस आमच्या पाठोपाठ मुंगीच्या पावलाने पुढे येत होती. आधी खिडक्यांतली डोकी आणखी बाहेर आली. मग कंडक्टरने दारात लटकून पत्र्यावर ताल धरला. आतून टाळ्या सुरू झाल्या. शब्द त्यांना माहीत नसतील, पण आरतीची टाळी कुठेही तीच. पुढच्या सीटवरच्या दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले. मेहुणा काचेबाहेर बघत ओठातल्या ओठात आरती म्हणत होता. तो बेसूर आहे, पण मी बोललो नाही. हे माझ्या हातून क्वचित होतं.

बस शेजारून गेली तेव्हा ड्रायव्हर वाकून म्हणाला, "दाइ, एक बार और." दाइ म्हणजे त्यांच्याकडे दादा. मेहुणाच म्हणाला, "घ्या, भावोजी." मी एकदा पुढे घेतली, एकदा मागे.

त्यानंतर, ते तळं जिथे आहे त्या पोखऱ्यापर्यंत आम्ही मनाला येईल तिथे गाडी लावली. तळं बघितलं. डोंगर ढगात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा दिसला. मी गाडी काठाशी नेऊन चारही खिडक्या खाली केल्या आणि आम्ही दोघं बराच वेळ बसून राहिलो. गार वारा आत येत होता. तिला आवडलं असतं.

घरी पोचलो तेव्हा दुपार टळली होती. बोळाच्या तोंडाशी मेहुण्याने आपली पिशवी घेतली, माझ्याकडून घराची चावी मागितली आणि म्हणाला, "तुम्ही लावा गाडी, मी पुढे होतो." कोपऱ्यावरच्या दुकानातून दुधाची पिशवी घेताना तो मला आरशात दिसला.

मी रिव्हर्स घातला. नेहमीपेक्षा जरा सावकाश नेली. कुलूप घातलं, पाय धुतले. आत गॅस पेटलेला होता आणि दूध ओट्यावर उतू गेलं होतं.

चहा पाणचट झाला होता, आणि साखर दुप्पट. मी तसं तोंडावर सांगितलं.

"मग तुम्ही करा," तो म्हणाला.

"मी गाडी लावू की चहा करू? रविवारी ये. दूध मी आणून ठेवतो, तू फक्त फ्रीजमधून काढ."

"येतो," तो म्हणाला. मग चपला घालता घालता वळून म्हणाला, "पण धून वाजल्याशिवाय मी गॅस पेटवणार नाही हां, भावोजी."