कमलने विचारलं तेव्हा

हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही. तीस वर्षांचा संसार झाला आमचा, पण ही गोष्ट त्यांना माहीत नाही. तुम्हाला सांगतेय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

मी शिक्षिका होते. तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडच्या एका गावात अकरा वर्षं शिकवलं. शाळेला लागून अंगणवाडी आणि तिथे सेविका म्हणून कमल. तिच्या घरी भात-नाचणीची थोडी शेती, नवरा अबोल, एकच मुलगा — महेश. पहिलीत त्याला मीच शिकवलं. 'म' काढायला सांगितला की आधी काठी ओढायचा, मग उरलेलं अक्षर. पुढे माझी डहाणूला बदली झाली, तरी जाणं-येणं राहिलं. महेश कॉलेजला डहाणूत आला तेव्हा त्याच्यासाठी खोली शोधत मीच फिरले. माझा निखिल आणि तो एकाच वर्गात. शनिवारी जेवायला आमच्याकडेच असायचा.

निखिलचं आम्हाला उशिरा कळलं. झोपेच्या गोळ्या — आधी एखादी, मग दिवसाला अख्खी स्ट्रिप. बुटांच्या खोक्यात रिकाम्या स्ट्रिपा सापडल्या तेव्हा मला आधी काय वाटलं, सांगू? पोराची काळजी नाही वाटली. रेल्वे कॉलनीत कळलं तर काय, हे वाटलं. ह्यांची रेल्वेत नोकरी, मला गावभर 'बाई' म्हणून ओळखतात. आम्ही त्याला नाशिकजवळच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं आणि सगळ्यांना सांगितलं, पुण्याला कोर्स करतोय. कमललाही तेच.

इतकं तर कुठलीही आई करेल, असं तुम्ही म्हणाल. करेलही. पण मला सांगायचंय ते हे नाही.

केंद्रातल्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून समजावलं होतं. हा आजार आहे, उपचारांनी आटोक्यात येतो. पण या गोळ्या घरच्या घरी एकदम बंद करायच्या नाहीत — आकडी येते, जिवावर बेततं. औषध देऊन हळूहळू कमी कराव्या लागतात. मी ते वहीत लिहून घेतलं. त्याच दिवशी निखिल खाली मान घालून मला म्हणाला, "आई, महेशला पहिली गोळी मीच दिली."

त्याच संध्याकाळी कमलला फोन करायला हवा होता ना? केला नाही. उद्या करू, उद्या करू, म्हणत राहिले.

दीड महिन्यानं ती स्वतःच आली. मे महिन्यातला रविवार, टळटळीत ऊन. पाण्याचा तांब्या पुढे केला, तो तिनं नुसता हातात धरून ठेवला. महेश खोली सोडून गावी परतला होता. दिवसभर झोपायचा, उठवलं तर अंगावर यायचा. बापाला ढकललं होतं. उशीखाली गोळ्या सापडल्या होत्या.

"बाई, तुम्ही शिकलेल्या," ती म्हणाली. "याच्यावर कोणी डॉक्टर असतो काय? तुमच्या ओळखीत?"

केंद्राच्या पत्त्याची वही समोरच्या खणात होती. मी म्हणाले, "नाही गं. आमच्याकडे असलं कधी झालंच नाही. मला कुठलं माहीत असणार?"

का म्हणाले असेन? पत्ता दिला असता तर, तुम्हाला कसा ठाऊक, असं तिनं विचारलं असतं. महेश तिथे गेला असता तर निखिल भेटला असता, आणि मग पहिली गोळी कुणी दिली तेही निघालं असतं. हे सगळं मला एका क्षणात सुचलं. स्वतःला वाचवायचं असलं की डोकं किती भराभर चालतं!

थांबा. अजून खरं सांगायचं राहिलंय.

कमलनं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "गावातले सांगतात, आठ दिवस कोंडून ठेवा, आपोआप सुटेल. करू काय तसं?"

आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. अंगणवाडीत नवा फॉर्म आला की अशीच बघायची — बाई सांगतील ते बरोबर. चारला केंद्रातून निखिलचा फोन यायचा होता. पावणेचार झाले होते. ती आता उठली पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी म्हणाले, "हो, करून बघ. आईला थोडं कठोर व्हावंच लागतं."

ती गेली. दारात माझा हात धरून गेली.

त्यांनी महेशला कोंडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला आकडी आली, एकामागून एक. जीप मिळवून गुजरातच्या हद्दीतल्या मोठ्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत दोन तास गेले. मी पोचले तेव्हा तो बेशुद्ध होता. दार ठोकून ठोकून बोटांची सालं निघाली होती. दुपारी तो गेला. वीस वर्षांचा होता.

त्याआधी डॉक्टर बाहेर आले होते. रागानं नाही, पण त्यांनी विचारलंच — एकदम बंद करायला कुणी सांगितलं? मी कमलच्या शेजारी उभी होते, तिची पिशवी माझ्या हातात. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कुणी नाही, साहेब," ती म्हणाली. "माझंच डोकं."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. एवढंच केलं.

निखिल बरा होऊन आला. आता घोलवडला चिकूच्या नर्सरीत कामाला आहे. आल्या आल्या त्यानं विचारलं होतं, "कमलमावशी तुझ्याकडे आली होती का गं?" मी नाही म्हणाले. पहिल्या गोळीचं तिला जाऊन सांगतो, म्हणून तो निघाला होता. मी अडवलं. तिला आता आणखी कशाला दुखवतोस, म्हणाले. तो थांबला. अजून थांबलेलाच आहे.

आणि कमल? आसपासच्या पाड्यांवर कुणाचं पोर असं झालं की ती चालत जाते. त्या आईशेजारी बसते, तिला दोष देत नाही, लाज वाटून घेऊ नको म्हणते आणि स्वतः तिच्याबरोबर दवाखान्यात जाते. एकदा मीही सोबत होते. ती त्या बाईला म्हणाली, "मी कोंडला माझ्या पोराला. मला कळलं नाही. तू नको कोंडू."

तिला कळलं नाही, हे खोटं आहे. तिनं विचारलं होतं. मला माहीत होतं. मी हो म्हणाले.