गायकवाडभाऊंचं बेट

तमाम मराठी जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, ज्या काळात सामान्य माणसाचा मधुचंद्र माथेरानच्या पुढे सरकत नव्हता, त्या काळात दूरदेशीच्या निवांत, निर्जन आणि उंची बेटांवरचे मधुचंद्र अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यातून आखले जात होते. इतिहासानं याची दखल घेतलेली नाही. दुपारच्या सुट्टीत कँटीनमधल्या खिडकीशेजारच्या टेबलावर आमचे स्टोअरकीपर तानाजी गायकवाड, म्हणजे गायकवाडभाऊ, डबा उघडायच्या आधी जगाचा नकाशा उघडत.

लग्न ठरलेला मुलगा त्यांना वासावरून कळे. मी कारखान्यात नवा होतो. ओळख ना पाळख, माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "पोहता येतं का?"

"नाही."

"हरकत नाही. नवऱ्याला बुडायला समुद्रच लागतो असं नाही."

मग नकाशा पसरला गेला, माझा डबा बाजूला सरकवण्यात आला आणि हिंदी महासागरातल्या एका ठिपक्यावर भाऊंचं बोट स्थिरावलं. "बेट म्हणजे काय, कर्णिक? चारी बाजूंनी पाणी आणि एकाही बाजूनं नातेवाईक नाही."

ही सगळी बेटं त्यांना उल्हासनगरच्या लछूशेठकडून मिळत. उल्हासनगरात तेव्हा जगातली कुठलीही वस्तू मिळे, निदान तिच्यासारखी दिसणारी तरी नक्कीच मिळे. लछूशेठची ट्रॅव्हल एजन्सी एका साडीच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर होती. नारळाची झाडं आणि गवती छपरांच्या खोल्या असलेली गुळगुळीत पत्रकं तो भाऊंना फुकट देई, वर चहा पाजी. भाऊंनी आखलेल्या बेटावर आजवर एकही गिऱ्हाईक पोचलेलं नव्हतं, पण आशेवर जगणारे ते दोघंही व्यापारीच होते.

मीही नाही पोचलो. मी माथेरानला गेलो. परत आल्यावर भाऊ आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. बोलले तेव्हा एवढंच म्हणाले, "माथेरान! तिथली माकडंसुद्धा बदलापूरची असतात रे. घरी जाऊन सांगतात."

भाऊंना बेटाचं हे वेड का, ते मला बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातलं त्यांचं घर पाहिल्यावर समजलं. खोल्या दोन. त्यांत आई, धाकटा भाऊ, त्याचं बिऱ्हाड आणि भाऊंची मुलं. आतल्या खोलीच्या मध्यावर जुन्या साडीचा पडदा. त्या पडद्यामागे भाऊ आणि सुमनवहिनींचा संसार झाला. भाऊ म्हणत, "लोकांच्या भिंतींना कान असतात. आमच्या पडद्याला कान होते आणि खोकलाही होता." कारखान्यात धबधब्यासारखा कोसळणारा हा माणूस घरी 'हुं' आणि 'बरं' या दोन शब्दांवर भागवी. वहिनी "अहो" म्हणत, भाऊ "हुं" म्हणत. संभाषण संपलं.

पुढे त्र्याण्णवच्या सुमारास मुलाचं लग्न झालं आणि वारसाहक्कानं पडदा मुलाला मिळाला. भाऊ आणि वहिनी बाहेरच्या खोलीत आले, मध्ये आई. भाऊंनी मुलासाठीही बेट आखलं. मुलगा वैतागून म्हणाला, "बाबा, मला रजा नाही. एवढी हौस आहे तर तुम्हीच जा ना आईला घेऊन!"

आता यात पितृभक्ती किती आणि खोली मोकळी होण्याची आशा किती, हे मी सांगू शकत नाही. पण भाऊंनी ते वाक्य फार गंभीरपणे घेतलं. दुसऱ्याच दिवशी लछूशेठचा जिना चढले आणि लक्षद्वीपातलं एक बेट ठरवून आले. वहिनी आधी लाजल्या, मग चिडल्या, मग गुपचूप उल्हासनगरला जाऊन एक गाऊन घेऊन आल्या आणि तो त्यांनी तांदळाच्या डब्यामागे लपवला. सबंध गल्लीला हे ठाऊक होतं, कारण तो डबा सूनबाईच उघडत असे.

आणि मग घात झाला. भाऊ निघता निघता लछूशेठ पाठमोरा बोलून गेला होता, "रेट ट्विन शेअरिंग पे है, साईं." अर्थ विचारणं भाऊंच्या प्रतिष्ठेला शोभणारं नव्हतं, आणि गरजही नव्हती. स्टेशनवर रोज शेअर रिक्षा पाहणाऱ्या माणसाला शेअरिंग शिकवायला हवं का? ट्विन म्हणजे जुळं. म्हणजे दोन जोडपी. सीटा भरल्याशिवाय रिक्षा सुटत नाही, तसं दुसरं जोडपं भरल्याशिवाय बेट सुटणार नाही.

भाऊंनी दुसरं जोडपं शोधायला घेतलं. शोधावं लागलंच नाही. चामटोलीचे मामा बातमी ऐकून सकाळीच हजर झाले. "जय भीम, तानाजी. आमी दोघा येतो की. आमाला काय, पडवीत पन चालंल. मामीला समिंदर बगायचाच हाय." सोबत आलेल्या मामी तर आत्तापासूनच घोरण्याबद्दल माफी मागून मोकळ्या झाल्या.

त्या संध्याकाळी वहिनींनी बॅग रिकामी केली. गाऊन सुनेला देऊन टाकला. आणि घरातली सगळी माणसं ऐकतील अशा आवाजात म्हणाल्या, "एवढी वर्षं पडद्यामागं काढली. आता बेटावरही पडदा बांधायचा का? मी येत नाही. तुम्ही आणि मामा जा."

दुसऱ्या दिवशी भाऊ कँटीनमध्ये नकाशाशिवाय आले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. डबा तसाच पुढ्यात. "कर्णिक," ते म्हणाले, "आत्ता नाही आली, तर ही पुन्हा कधी येणार नाही रे."

दुसऱ्या जोडप्याशिवाय बेट मिळतं का, ते विचारायला मी त्यांना उठवलं आणि लछूशेठच्या पोटमाळ्यावर नेलं.

"दूसरा जोडा किसलिए, साईं?" लछूशेठनं विचारलं.

"ट्विन शेअरिंग है ना? मग सीटा नको भरायला?"

लछूशेठनं कपाळावर हात मारला. "अरे भाऊ, ट्विन मतलब दो! एक तुम, एक भाभी. दोनों एक कमरा शेअर करेगा. बस!"

"फक्त आम्ही दोघं?"

"और कौन? बँडवाला?"

भाऊ खुर्चीत बसले. "एका खोलीत नवरा-बायको, याला तुमच्यात शेअरिंग म्हणतात?"

"हां."

"आमच्यात याला चैन म्हणतात," भाऊ म्हणाले.

मामांना परतवणं जड गेलं नाही. बेटावर तंबाखू मिळत नाही, एवढं कानावर घातल्याबरोबर त्यांना शेतावरची भाताच्या राबाची कामं आठवली. सुनेनं गाऊन परत आणून दिला, घडीही न मोडता. पावसाच्या तोंडावर, जेव्हा शहाणी माणसं बेटांवर जात नाहीत आणि लछूशेठ दर उतरवतो, तेव्हा दोघं गेली.

परत आली ती काळवंडून. सबंध खातं कँटीनमध्ये जमलं. भाऊ रंगवून सांगणार, म्हणून मी तर डबासुद्धा आणला नव्हता.

"कसं होतं, भाऊ?"

"शांत."

"आणि?"

"आणि काय? चारी बाजूंनी पाणी."

बस्स. याहून एक अक्षर नाही. वहिनींना विचारलं तर त्या पदर तोंडाला लावून आत निघून जात. त्यानंतर भाऊंनी कुणाचाही मधुचंद्र आखला नाही. कुणी लग्नाळू पोरगा टेबलापाशी घुटमळला तर म्हणत, "जा रे, कुठंही जा. माथेरानलाही जा." हा त्यांच्या तत्त्वज्ञानाचा एवढा मोठा पराभव होता की बेटावर काहीतरी भयंकर घडलं असावं, असं खात्याचं एकमत झालं. कुणी म्हणालं जेवण वाईट असेल. कुणी म्हणालं, एवढ्या शांततेत दोघांना बोलायला काही सापडलंच नसेल, सवयच नाही ना.

चार-पाच वर्षांनी भाऊ हृदयविकारानं अचानक गेले. कुळगावच्या विहारात शोकसभा झाली. एका बाजूला कारखान्यातले आम्ही, दुसऱ्या बाजूला घरची मंडळी, पुढे पांढऱ्या साडीत सुमनवहिनी. त्या सकाळपासून रडल्या नव्हत्या, बोलल्याही नव्हत्या. वंदना झाली. मग त्यांचे दीर बोलायला उभे राहिले. म्हणाले, "आमचा दादा शांततेचा उपासक होता. इतकी वर्षं एका घरात राहिलो, पण त्याचा आवाज आम्ही कधी ऐकला नाही. असा अबोल, असा शांत माणूस..." घरची मंडळी माना डोलावत होती. आम्ही कारखान्यातले एकमेकांकडे बघत होतो. आणि जन्मभर नवऱ्याला 'अहो'खेरीज हाक न मारलेल्या वहिनी भर सभेत मान वर करून म्हणाल्या, "शांत कुठला! त्या बेटावर सारखा बोलत होता मेला, चार रात्री मला झोपू दिलं नाही!"