अण्णांच्या गाडीची न उतरणारी रेस

तळवड्याच्या सिग्नलला शेजारच्या टेम्पोवाल्याने मान बाहेर काढली आणि म्हणाला, "ताई, रेस कमी करा की राव. कान किटले."

गाडी न्यूट्रलमध्ये होती. मी दोन्ही हात हँडलवरून उचलून त्याला दाखवले. एक्सलेटर मी सोडलेलाच होता, गाडी आपली एकटीच ओरडत उभी होती. टेम्पोवाला हसला, मीही हसले, पण सिग्नल सुटेपर्यंत मला फार लाज वाटली.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. शंभर सीसीची, किकवर सुरू होणारी, टाकीचा रंग दोन्ही गुडघ्यांपाशी घासून गेलेला. मी पहिलीत असताना त्यांनी ती घेतली. धाराशिवकडून इकडे येऊन ते चिंचवडच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर लागले होते, आणि निवृत्त होईपर्यंत त्याच गाडीवर शिफ्टला गेले. पुढे गुडघा दुखायला लागला, किक मारवेना, आणि गाडी पार्किंगमध्ये कव्हरखाली गेली. गेल्या वर्षी माझ्या चाकणच्या कंपनीची बस रहाटणीत यायची बंद झाली. मी गाडी मागितली. आई नको म्हणाली. अण्णा काहीच बोलले नाहीत, फक्त कपाटातून किल्ली आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली.

त्या दिवसांत ते तसेही काही बोलत नसत. टीव्ही बघत बसायचे, विचारलं तर हं म्हणायचे, नाहीतर तेही नाही. सकाळी बागेत जमणाऱ्या मंडळींत जायचं त्यांनी सोडलं होतं. निवृत्तीनंतर माणसं अशी होतात, असं आम्ही घरात ठरवून टाकलं होतं.

त्यामुळे मी जेव्हा समोर बसून म्हणाले, "अण्णा, एक्सलेटर सोडला तरी रेस खाली येत नाही, काय असेल?" तेव्हा ते एकदम ताठ बसले.

"गार असताना का गरम झाल्यावर?"

"गरम झाल्यावर."

"सायलेन्सरमधून फट फट करती का?"

"करते."

"गुरुवारी खोलू," ते म्हणाले आणि टीव्ही बंद केला.

चाकणला गुरुवारी सुट्टी. सकाळी नऊलाच ते जुना शर्ट घालून खाली पार्किंगमध्ये, पाटावर बसलेले. पाने त्यांनी वर्तमानपत्रावर मांडून ठेवले होते. आधी त्यांनी एक्सलेटरची वायर बघायला लावली. "पीळ आणि सोड." मी पिळून सोडलं, खटकन जागेवर आलं. "आता हँडल पार डावीकडं घे, मग सोड." तरी खटकन आलं. "म्हंजे वायर अडकत न्हाई. काढ कार्बोरेटर."

मी आयुष्यात पहिल्यांदा कार्बोरेटर काढला. कंपनीत मी दिवसभर गाड्यांच्या वायरिंगची तपासणी करते, हात स्वच्छ राहतात. इथे कोपरापर्यंत पेट्रोल. खालची वाटी सोडवली तर तिच्या तळाशी चहाच्या गाळासारखी तपकिरी माती. अण्णांनी ज्यातून पेट्रोल जातं तो छोटा पितळी जेट फिरवून काढला, फुंकला आणि माझ्या हातात दिला. "डोळ्याला लाव. आभाळ दिसायलंय का?" सुईच्या टोकाएवढ्या भोकातून मला समोरच्या इमारतीवरचं एवढंसं निळं आभाळ दिसलं. मी हो म्हणाले तेव्हा त्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला.

जोडताना मी घोळ केला. कार्बोरेटरमध्ये एक्सलेटरबरोबर वर-खाली होणारी एक नळकांडी असते. तिच्या एका बाजूला कापलेलं तोंड असतं, ते एअर फिल्टरच्या बाजूला ठेवायचं. मी उलटं बसवलं. किक मारली आणि गाडी अशी किंचाळली, की दुसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या. मी झडप घालून किल्ली बंद केली. अण्णा पोट धरून हसत होते. "मी पण पहिल्यांदा उलटंच घातलतं माय, लाजू नको." ते असं हसलेले मी कितीतरी महिन्यांनी बघत होते.

सरळ करून परत जोडलं. पाचेक मिनिटं गाडी छान टुकटुकत राहिली. मग गरम झाली, आणि मी एक्सलेटर एकदा पिळून सोडला, तर रेस वर गेली ती वरच. तळवड्याला होती तशीच.

अण्णा शेजारी उभे होते. समाधानाने मान हलवत म्हणाले, "झालं बघ. आता कशी मस्त वाजायलीय."

मला वाटलं, गंमत करतायत. "अण्णा, रेस उतरली नाही."

"उतरली की."

"ऐका ना नीट."

त्यांनी मान किंचित तिरकी केली, उजवा कान गाडीकडे केला, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. गाडीकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे. काय उत्तर द्यायचं ते माझ्या चेहऱ्यावर शोधत होते. मी गाडी बंद केली. मग पाने गोळा करायच्या निमित्ताने त्यांच्या मागे गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अण्णा, चहा घेणार?"

ते फडक्याला हात पुसत राहिले.

"अण्णा, चहा?"

पार्किंग शांत होतं. आमच्यात चार पावलांचंही अंतर नव्हतं. मी त्यांच्या पाठीमागे पाना हातात धरून उभी राहिले. निवृत्तीमुळे माणसं अशी होतात म्हणून आम्ही जे जे ठरवलं होतं ते सगळं, बाग, टीव्ही, उत्तर न देणं, माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मला स्वतःचा राग आला. मग मी समोर जाऊन, हाताने कप तोंडाला लावायची खूण करून विचारलं, आणि ते लगेच म्हणाले, "घेऊ की."

दुपारी मी म्हणाले, गाडी चाचांना दाखवू. पिंपळे गुरवला एक मेकॅनिक आहेत, माझ्या शाळेपासून मी त्यांना चाचा म्हणते. अण्णांची गाडी अण्णांनंतर फक्त त्यांनीच खोललेली. अण्णा मागे बसून आले. चाचांनी आम्हाला बघितलं आणि एक गोष्ट केली, जी मी याआधी शंभरदा बघूनही बघितली नव्हती. हाक न मारता ते उठून अण्णांच्या अगदी समोर आले, आणि मग सावकाश म्हणाले, "या अण्णा, बसा."

गाडी मी चालूच ठेवली होती, अण्णा तिच्यापाशी उकिडवे बसले. मी चाचांना बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला माहीत आहे?"

"दोन साल झाले बेटा," चाचा म्हणाले. "एकदा पुलाजवळ मागून हाका मारल्या, वळलेच नाहीत. मला वाटलं, नाराज आहेत. नंतर समजलं."

"आम्हाला सांगितलं का नाही?"

"त्यांनी मला सांगितलं नाही, तर मी तुम्हाला कसं सांगू?"

एवढ्यात गाडीची रेस अचानक खाली आली. आम्ही दोघंही वळलो. गाडी चालूच होती आणि अण्णांचे दोन्ही हात तिच्यात होते. डावा तळवा इंजिनाच्या झाकणावर टेकवलेला, उजव्या हाताची बोटं कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी जोडाभोवती आवळलेली. त्यांनी बोटं सैल केली, रेस वर गेली. आवळली, खाली आली.

"हितं," ते आमच्याकडे न बघता म्हणाले. "रबर चिरलंय. हितनं वारं ओढायलंय. गरम झालं की चीर उघडती."

चाचांनी वाकून बघितलं. जोडाच्या खालच्या बाजूला, नजर पोचणार नाही अशा जागी, नखाएवढी चीर होती. "मी साबणाचं पाणी मारून शोधलं असतं," ते अण्णांच्या समोर तोंड करून म्हणाले, "तुम्ही हातानेच पकडलं!"

"हादरा कमी झाला ना," अण्णा म्हणाले, जणू ते कोणालाही कळलं असतं.

चाचा नवीन रबर आणायला शेजारच्या दुकानात गेले. मी अण्णांच्या समोर बसले. कसं विचारायचं ते मला सुचेना, म्हणून सरळच विचारलं, "कधीपासून ऐकू येत नाही?"

त्यांनी बोटांचं काळं फडक्यावर घासलं. "प्रेसवर काम केलेल्या कुणाचे कान ऱ्हातात माय? आधी बारीक आवाज गेले. पाखरं. मग तुझी आई काय म्हणती ते."

"मग सांगायचं ना."

"सांगितलं की सगळी वरडून बोलतेत. वरडून बोललं की मला वाटतं, चिडलेत माझ्यावर." त्यांनी फडकं उलटं केलं. "शब्द कळत न्हाईत, पण तोंड चिडल्यावानी दिसतं ना."

मी त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि उरलेलं बोट पुसून दिलं. चाचा रबर घेऊन आले, आणि त्या दोघांनी ते बसवेपर्यंत मी नुसती पकड धरून होते. मग गरम गाडीवर एक्सलेटर पिळून सोडला, रेस लगेच खाली आली.

कानाच्या डॉक्टरकडे जायला अण्णांनी दोन महिने लावले. तपासणीच्या खोलीत, आवाज आला की बोट वर करायचं होतं. काचेपलीकडून मी बघत होते. ते डोळे मिटून बसले होते, आणि बोट किती तरी वेळ खालीच होतं. पण कानाला ऐकण्याचं मशीन लावून बाहेर आले तेव्हा पहिल्यांदा पंख्याकडे बघितलं, मग स्वतःच्या चपलांकडे. "लई आवाज करतेत ह्या," म्हणाले.

आता आईची वेगळीच तक्रार आहे. मावशीशी फोनवर बोलताना तिला गॅलरीत जावं लागतं, कारण हॉलमधून अण्णा मधेच उत्तरं देतात. बागेतल्या मंडळींकडे ते परत जायला लागलेत, तिथे गर्दीत मशीन सगळ्यांचा एकच गोंधळ करतं म्हणून एका वेळी एकाशीच बोलतात.

गाडीवर मात्र ते मशीन चालत नाही. हेल्मेटखाली शिट्टी मारतं. परवा माण गावी आत्याकडे निघालो तेव्हा खाली आल्यावर त्यांनी ते काढून डबीत ठेवलं, डबी खिशात टाकली, वरून गुंडी लावली आणि मागे बसले. मी किक मारली. पहिल्याच किकला सुरू झाली.