इंग्रजीचे सर आणि सेवाग्रामची पाहुणी

इंग्रजीचं पुस्तक न उघडता इंग्रजी शिकवणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच होता, आणि तो सत्तरच्या दशकात आमच्याच कॉलेजच्या वाट्याला आला. बाकीचे प्राध्यापक नोट्स सांगत. आमचे सर वर्गाच्या टोळ्या पाडून कामाला लावत. एकदा एका टोळीला त्यांनी बाजारात वांग्यांचा भाव इंग्रजीत करायला पाठवलं. भाजीवालीनं दोन वांगी फुकट दिली आणि वर बजावलं, "या पोराले डागदराकडे न्या!" सर रागावले की इंग्रजीत बोलत, खूश झाले की वऱ्हाडीत. कुणी व्याकरणात आपटलं की टाळी वाजवत: "चुकला न? म्हणजे बोलला!"

प्राचार्यांना हे खपेना. शेवटी ठरलं, की सेवाग्रामला आलेल्या परदेशी पाहुणीला आमच्या वर्गानं इंग्रजीत आश्रम दाखवायचा. फजिती झाली तर सरांनी मुकाट्यानं पुस्तक उघडायचं. माझ्या बाकावरची नलू अल्लीपूरच्या शेतकऱ्याची मुलगी, भारी लाजाळू. सरांनी तिलाच पुढारी केलं.

"सर, मले नाई जमत," ती रडकुंडीला आली.

"जमत नाई म्हणून तर केली तुले!"

ठरल्या दिवशी आम्ही सायकली हाणत सेवाग्राम गाठलं. प्राचार्यही आले. पाहुणी म्हणजे एक म्हातारी फ्रेंच बाई. नलू मागे दडली, तेव्हा आमच्यातल्या एका हुशार मुलानं पाठ केलेलं भाषण धडाधड म्हटलं. बाई गोड हसल्या. त्यांना इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं! सरांचा चेहरा पडला. आम्ही खांबासारखे उभे. तेवढ्यात नलू पुढे झाली, बाईंचा हात धरून म्हणाली, "ये वं माय, सावलीत ये." मग कुडाच्या भिंती, चरखा, विहीर, सारं तिनं हातवारे करत, अस्सल वऱ्हाडीत दाखवलं. बाई फ्रेंचमध्ये विचारत, नलू वऱ्हाडीत सांगे, आणि दोघी खळखळून हसत. निघताना बाईंनी तिला पोटाशी धरलं.

"पण यात इंग्रजी कुठं आहे?" प्राचार्यांनी विचारलं.

"ते येईन, साहेब," सर डोळे पुसत म्हणाले, "पोरगी बोलाले लागली न!"

प्राचार्यांनाही हसू आवरेना. पुस्तक मिटलेलंच राहिलं, आणि नलूला इंग्रजी आलंही.

पुढच्या वर्षी सर निवृत्त झाले. नवे प्राध्यापक मोठे विद्वान, नोट्स तर सुरेख. वर्गात इतकी शांतता, की बाहेरच्या कडुनिंबावरच्या साळुंक्या ऐकू येत. एक दिवस नलू माझ्या कानाशी कुजबुजली, "सुनं सुनं लागते वं."

नव्या सरांनी पान उलटलं, आणि आम्ही दोघी खाली बघून लिहू लागलो.