एका बैठकीचा भाव

साताऱ्यात मोती चौकातून खाली उतरलं की डाव्या हाताला आगाशे आणि मंडळींचं दुकान लागतं. मंडळी म्हणजे चिंतामण आगाशे आणि त्यांचा मुलगा पुष्कर, एवढीच. शिलाई मशीन, घरघंट्या, पाण्याच्या मोटारी असा माल. चाळीस वर्षांत आपण एकाही गिऱ्हाइकाला वजनात फसवलं नाही, असं चिंतामणराव सांगत. आपल्या दुकानात वजनावर विकायचं काही नाहीच, हे पुष्कर मागून हळूच जोडून द्यायचा.

दस्तगीर पिंजारी त्यांच्याकडे पहिल्यांदा आले ते दोन वर्षांपूर्वी, दिवाळी उरकल्यावर. लोणंदला स्टेशनच्या अंगाला त्यांचं गाद्यांचं दुकान. साठीचा माणूस. भुवयांवर आणि कानांच्या पाळ्यांवर कापसाचे तंतू कायमचे वस्तीला आलेले. त्यांचे वडील खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव कापूस पिंजत हिंडायचे. दस्तगीरभाईंनी वीस वर्षांपूर्वी पिंजायचं जुनं मशीन घेतलं होतं, त्यात आता दम राहिला नव्हता.

“नवीन मशीन पायजे शेठ. पण रोख न्हाई जमायचं,” ते म्हणाले.

पुष्करचा चेहरा खुलला. “काका, त्यात काय अवघड? फायनान्स आहे ना. शून्य टक्के. आधार कार्ड द्या, अर्ध्या तासात काम.”

“आन् एखादा हप्ता चुकला तर?”

“तर दंड लागतो थोडा. त्या रकमेवर व्याज.”

“मग शून्य कसं म्हनं?”

“वेळेवर भरलं की शून्य.”

“माणूस हाय. उशीर व्हतो.” दस्तगीरभाई हसले. “आमच्यात सांगितलंय, व्याज घेणारा, देणारा, त्याचा कागद लिहिणारा आन् साक्षीला बसणारा, चौघं एकाच मापाचे. मला ते नगं.” मग ते चिंतामणरावांकडे वळले. “शेठ, तुमीच मला हप्त्यानं इका की. रोखीला भाव काय?”

“अठ्ठेचाळीस हजार.”

“वर्षाच्या बोलीनं?”

चिंतामणरावांनी मनात आकडेमोड केली. “चोपन्न. महिन्याला साडेचार.”

“चालतंय. पण एकाच बैठकीत एकच भाव ठरवायचा. उशीर झाला तर चढायचा न्हाई.”

पुष्करला राहवलं नाही. “म्हणजे अठ्ठेचाळीसचे चोपन्न झाले ते व्याज नाही, आणि आम्ही सांगितलं ते व्याज? नाव बदललं की पाप धुतलं जातं का काका?”

“आंबा पाडव्याला महाग असतो आन् मिरगाला स्वस्त. त्याला तुमी व्याज म्हनता का? भाव हाय तो. एकदा ठरला की मी मेलो तरी चोपन्नचं पंचावन्न व्हत न्हाईत. व्याजाचं तसं नसतं. ते घरातली सगळी झोपली तरी एकटं चालत राहतं. आन् दुसरं सांगतो, वरचं सहा हजार शेठ कशाचं घेणार? माल त्यांचा अडकणार, वाट ते बघणार, मी बुडवलं तर बुडणार पन तेच. त्या जोखमीचं.”

“म्हणजे बुडवायचा विचार दिसतोय,” पुष्कर म्हणाला, आणि त्यावर सगळ्यांत जास्त दस्तगीरभाईच हसले.

त्या दिवशी मात्र त्यांनी सौदा केला नाही. आधी मशीन तुमच्या दुकानात, तुमच्या मालकीचं येऊ दे, म्हणाले. जे तुमचं नाही ते तुम्ही मला विकणार कसं? आठ दिवसांनी कोल्हापूरहून मशीन आलं तसे ते पुन्हा एसटीनं आले. मशीनवर हात ठेवून त्यांनी विचारलं, “हे तुमचं झालं न्हवं शेठ?” चिंतामणराव म्हणाले, झालं. मग समोरासमोर बसून भाव पुन्हा बोलून घेतला. चिंतामणरावांना त्या वेळी फार बरं वाटलं होतं, हे खोटं नाही. आपल्यावर कुणी इतका विश्वास टाकतोय, याचा त्यांना अभिमानच वाटला.

आणि तरीही त्याच दुपारी ते घडलं.

पुष्करनं त्यांना आतल्या खोलीत बोलावलं. “बाबा, अठ्ठेचाळीस हजार वर्षभर अडकवून ठेवायचे? कोल्हापूरवाल्याचे कुठून देणार? त्यांच्या नावावर फायनान्स टाकतो. कंपनी आपल्याला पैसे लगेच देईल. ते हप्ता आपल्याला देतील, आपण कंपनीला भरू. त्यांना काय कळतंय?”

चिंतामणरावांनी होकार दिला नाही. नकारही दिला नाही. “बघ काय ते,” एवढंच म्हणाले आणि बाहेर येऊन पावती पुस्तक चाळत बसले. पुष्करनं दस्तगीरभाईंपुढे कागद ठेवले. वॉरंटीचे आहेत म्हणाला, आणि त्यासाठीच म्हणून आधार कार्डही मागून घेतलं. दस्तगीरभाईंनी शाळकरी पोरासारखी एकेक अक्षर सुटं काढत सही केली. मग त्यांच्या फोनवर नंबर आला, तो पुष्करनं विचारून घेतला. कागद लिहिणारा तिथे होता आणि साक्षीलाही एकजण बसला होता. तो मान खाली घालून पावती पुस्तक चाळत होता.

तिसऱ्या दिवशी कंपनीचे पैसे दुकानाच्या खात्यात जमा झाले. वाट बघायची राहिली नाही आणि जोखीमही राहिली नाही. वरचे सहा हजार मात्र राहिले.

दस्तगीरभाई दर महिन्याला यायचे, साडेचार हजार मोजून द्यायचे. एरवी गप्पिष्ट माणूस, पण चहा मागवला तर स्वतःच्या कपाचे दहा रुपये पोऱ्याच्या हातावर ठेवल्याशिवाय उठायचे नाहीत. चिंतामणरावांना ते विचित्र वाटायचं. चौथ्या महिन्यात लोणंदला एका लग्नाला जायचं होतं, म्हणून बायकोनं, क्षमाताईंनी, घरची जुनी गादी पिंजून आणायला दिली. चिंतामणराव ती घेऊन दस्तगीरभाईंच्या दुकानात गेले. आगाश्यांकडूनच घेतलेलं मशीन कोपऱ्यात घरघरत होतं. दस्तगीरभाईंनी गादी झकास करून दिली आणि ठरलेल्या दरानं बाराशे रुपये मागून घेतले. पाण्याचा तांब्या पुढे केला. चहाचं नाव काढलं नाही. समोरच चहाची टपरी होती, तिथली आल्याची वाफ थेट नाकात शिरत होती.

घरी येऊन चिंतामणराव क्षमाताईंना म्हणाले, “काय चिकट माणूस गं! आपण वर्षाची उधारी दिली, आणि यानं कपभर चहा पाजला नाही.”

“विसरले असतील,” क्षमाताई म्हणाल्या.

“विसरले नाहीत. टपरीकडे बघून मान फिरवली त्यांनी.”

ही गोष्ट लहान होती, पण ती त्यांच्या मनात कुसळासारखी अडकून बसली.

सातव्या महिन्यात दस्तगीरभाईंच्या बायकोचं, हुसेनबींचं, पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. ते मुद्दाम येऊन सांगून गेले, दोन महिने थांबा शेठ. चिंतामणराव तोंडभरून म्हणाले, “सावकाश द्या हो, आपली बोली तशीच आहे.” ते गेल्यावर पुष्करनं विचारलं, “बाबा, कंपनीचे दोन हप्ते आपल्या खिशातून भरू का?”

भरायला हवे होते. पैसेही होते. पण चिंतामणरावांच्या डोळ्यांपुढे ती टपरी आली आणि तोंडातून निघून गेलं, “राहू दे. कपभर चहा न पाजणाऱ्यासाठी मी कशाला पदरमोड करू? बघू नंतर.”

नंतर कुणी बघितलं नाही. कंपनीचा वसुलीवाला आधार कार्डावरचा पत्ता धरून लोणंदला पोचला, तोही शुक्रवारी, नेमका नमाजाची माणसं मशिदीत जमायच्या वेळी. पायऱ्यांशी त्यानं मोठ्यानं विचारलं, “दस्तगीर पिंजारी कोण? दोन हप्ते थकलेत. व्याज आणि दंड चढलाय.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं दस्तगीरभाई दुकानात आले. रागावलेले नव्हते, तेच वाईट होतं. गोंधळलेले होते.

“शेठ, काल आमच्या मशिदीपुढं लय तमाशा झाला. लोक म्हनले, आमाला व्याज नगं म्हनून सांगतोस आन् सोता काढतोस व्हय? मी सांगितलं, आगाशे शेठचा माझा सरळ सौदा हाय. ती कंपनीची चूक असणार. शेठ तसं करायचं न्हाईत. खरं न्हवं?”

पुष्कर फोन कानाला लावून बाहेर सटकला. दुकानात दोघंच उरले. चिंतामणरावांनी समोर पाहिलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

“हो, त्यांचीच चूक आहे,” ते म्हणाले. “नावात गल्लत झाली असेल. मी बघतो.”

दस्तगीरभाईंचा जीव भांड्यात पडला. “मी म्हनलोच व्हतो!” दोन्ही हातांनी त्यांनी चिंतामणरावांचा हात धरला आणि समाधानानं परत गेले.

चिंतामणरावांनी त्याच दुपारी दंडासकट कंपनीचं सगळं कर्ज फेडून टाकलं. त्यानं कागद मिटला. पण त्या दिवसापासून हात धुताना त्यांना ते दोन खरखरीत तळवे आठवायचे. पुष्करवर ओरडायची सोय नव्हती. पोरानं निदान विचारलं तरी होतं.

दोन महिने उशिरानं, यंदाच्या जानेवारीत, शेवटचा हप्ता आला. दस्तगीरभाईंनी पैसे दिले, पावती खिशात घातली आणि लगेच दारात जाऊन हाळी दिली, “दोन पेशल चहा आन रं!” मग पिशवीतून एक दुलई काढून काउंटरवर ठेवली. निळ्या सुती कापडाची, बारीक टाक्यांची, हाताला ऊब लागेल अशी.

“वहिनींना द्या. हुसेनबीनं टाके घातलेत. दवाखान्यातनं आल्यावर बसून व्हती, म्हनली शेठनी थांबून घेतलं, त्यांच्यासाठी करते.”

“अहो, हे कशाला…”

“आता देता येतंय म्हनून. तुमी आमच्यात आलता तवा चहासुदिक इचारला न्हाई मी. हुसेनबी आठ दिस बोलत नव्हती माझ्याशी. पण ज्याचं देणं हाय त्याला काय खाऊ-पिऊ घातलं, भेट दिली, तर ती पण व्याजातच धरायची, असं आमचे अब्बा सांगायचे. मौलाना म्हनतात, चहापर्यंत नगं ताणू दस्तगीर. पण मला आपलं भ्या वाटायचं. आज फिटलं. घ्या, चहा घ्या.”

चिंतामणरावांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. दुलईवरचा हात त्यांनी चटका बसावा तसा काढून घेतला.

“दस्तगीरभाई, ती कंपनीची चूक नव्हती.”

मग ते सगळं बोलले. आतली खोली, वॉरंटीचे म्हणून दिलेले कागद, तिसऱ्या दिवशी आलेले पैसे, चहावरून धरलेला राग. काही राखून ठेवलं नाही. बोलताना ते दुलईच्या टाक्यांकडेच बघत होते.

दस्तगीरभाई म्हणाले, “सही माझीच व्हती?”

“हो.”

“मला म्हाईत नव्हतं. अल्लाला म्हाईत हाय.” मग ते म्हणाले, “पण शेठ, मी मशिदीच्या दारात छातीवर हात ठेवून सांगितलं व्हतं, तुमी तसं करायचं न्हाईत म्हनून. ती खोटी साक्ष झाली. आता मला जाऊन सांगावं लागंल.”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. ते खरोखरच चिंतेत पडले होते, लोकांना कोणत्या शब्दांत सांगायचं म्हणून. चिंतामणरावांनी वरचे सहा हजार काढून पुढे केले. दस्तगीरभाईंनी हात लावला नाही. “भाव आपला बैठकीत ठरला व्हता. हे माझं का तुमचं, मला कळंना. मौलानांना इचारतो. तवर तुमच्याकडंच राहू द्या.”

“लोकांना मी सांगतो,” चिंतामणराव म्हणाले. “तुम्ही नका सांगू. मी येतो शुक्रवारी.”

दुलई दस्तगीरभाईंनी परत नेली नाही. चिंतामणरावांनी ती घरी नेली, पण क्षमाताईंनी सगळं ऐकून ती घडीसकट कपाटात ठेवली. “आधी जाऊन या,” एवढंच त्या म्हणाल्या.

शुक्रवारी चिंतामणराव एकटेच लोणंदच्या एसटीत बसले. वाठारपर्यंत त्यांनी चार वाक्यं पाठ केली आणि पुढे ती विसरले. नमाज सुटला. माणसं बाहेर येऊन चपला शोधू लागली. पायऱ्यांशी उभं राहून चिंतामणराव म्हणाले, “मंडळी, मी साताऱ्याचा आगाशे. दस्तगीरभाईंनी व्याजाचं कर्ज काढलं नव्हतं. मी त्यांना न सांगता त्यांच्या नावावर टाकलं. वर त्यांच्याशी खोटं बोललो. त्यांनी तुम्हाला सांगितलं ते माझ्यावर विश्वास ठेवून.”

काहीजण थांबले, काहींना ऐकूच गेलं नाही. एक म्हातारे बागवान चपलेत पाय सरकवत म्हणाले, “आवं, आमी तर ते कवाच इसरलो. तुमी एवढ्यासाठी साताऱ्यासनं आलाय?” आणि पुढे निघून गेले. शिव्या ऐकायची तयारी करून आलेल्या माणसाला ते फार जड गेलं. ज्यांच्यासमोर अब्रू गेली ते विसरले होते. लक्षात फक्त दस्तगीरभाईंनी ठेवलं होतं, कारण शब्द त्यांचा होता.

ते बाजूलाच उभे होते. चिंतामणरावांना ते टपरीवर घेऊन गेले. तीच टपरी, तोच आल्याचा वास. चहा झाल्यावर चिंतामणरावांनी घाईनं खिशात हात घातला.

दस्तगीरभाईंनी त्यांचं मनगट धरलं. “तुमचं न्हाई चालायचं शेठ. मौलानांचं उत्तर अजून आलं न्हाई. त्या सहा हजारांचं ठरंपर्यंत तुमी देणेकरी हाय. मी तुमचा चहा कसा पिऊ?”

टपरीवाल्याला त्यांनी वीस रुपये दिले. चिंतामणराव रिकामा कप दोन्ही हातांत धरून, मान खाली घालून बसून राहिले.