काठीवर नाही, हातावर

बारावीची परीक्षा देऊन मी घरी बसले होते. पंच्याण्णव-शहाण्णव साल असेल. सुरतला लिंबायतमध्ये आमच्या मागच्या गल्लीत कराटेचा क्लास चालायचा. तिथले सर सुरतचेच, पण आखातात वेल्डर म्हणून बरीच वर्षं काढून आलेले. तिकडे त्यांच्या खोलीत फिलिपिन्सचा एक जण राहायचा, त्याच्याकडून ते काठी शिकले होते. दीड हाताची वेताची काठी, पण सर ती मनगटात अशी गरगर फिरवायचे की काठी दिसायचीच नाही, नुसता वारा लागायचा. मी एकदा पाहिलं आणि ठरवलं, हे मला यायलाच पाहिजे.

घरी मात्र तमाशा झाला. आप्पा, म्हणजे माझे वडील, कापडाच्या कारखान्यात लूमवर बारा तासांची पाळी करायचे. खानदेशात गावी असताना डोक्याएवढ्या उंचीची लाठी फिरवण्यात त्यांचं नाव होतं. माझी काठी त्यांनी दोन बोटांत धरून उचलली, "हाई काय काठी शे?" अहिराणीत म्हणाले आणि खो खो हसले. आईला हसू आलं नाही. गल्लीतल्या बाया नावं ठेवतात, उद्या पोरीला स्थळं यायची बंद होतील, हे तिचं रोजचं पालुपद. शेवटी आप्पांनी निकाल दिला. गणपती बसायच्या आत त्यांच्या हातातली काठी पाडून दाखवायची, मग खुशाल शिकायचं. नाही तर क्लास बंद. मी म्हटलं, "चालेल!" माझं हे असंच आहे, डोकं आधी तापतं, मग चालतं.

काठी फिरवणं दिसतं तेवढं सोपं नाही हो. अंगठा आणि पहिलं बोट, एवढ्यांनीच धरायची. बाकीची तीन बोटं उघडायची, मिटायची आणि मनगटाने हवेत आडवा आठ काढायचा. मी सुरुवातीला मूठच आवळायचे. काठी सटकायची ती थेट कोपरावर, नडगीवर, एकदा तर माझ्याच कानावर. हात निळे पडले. पाण्याच्या माठाचा काठ उडाला तेव्हा आईने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. मी ओट्यावर उभी राहून शंभर वेळा उजव्या हाताने, शंभर वेळा डाव्या हाताने फिरवायचेच. दोन महिन्यांत काठी माझ्या हातात वळायला लागली.

पण आप्पांच्या हातातली काठी काही पडेना. दर सुट्टीला सकाळी आम्ही तसल्याच दोन वेताच्या काठ्या घेऊन गल्लीत समोरासमोर उभे राहायचो. मी जोरात मारायचे, टक असा आवाज यायचा आणि माझा हात तिथेच थांबायचा. तेवढ्यात आप्पांची काठी माझ्या खांद्याला टेकलेली असायची. ते मिशीत हसायचे आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

खोट कुठे आहे ते सरांनी एका सकाळी क्लासमध्ये पकडलं. "बेन, आ गरबो नथी!" ते ओरडले. खरंच की. लहानपणापासून दर नवरात्रीत दांडिया खेळलेली मी. समोरच्याच्या दांडीला दांडी लावायची, टक झालं की आपला हात मागे, हेच अंगात मुरलेलं. सर म्हणाले, "काठी को क्यों मारती है? काठी ने तेरा क्या बिगाडा? हाथ को मार." ते ऐकलं आणि मी काठी खाली टेकवली.

कारण तो हात आप्पांचा होता. लूमवर ताण्याचा उभा धागा तुटला की चिमटीत धरून गाठ मारायची, दिवसातून किती वेळा ते त्यांनाच माहीत. अंगठा दुखावला तर लूम बंद पडणार आणि माणूस घरी बसणार. मी सरांना विचारलं, हळू मारलं तर? "तो नहीं गिरेगी," ते म्हणाले. अट आप्पांनी घातली, हात आप्पांचा आणि झोप उडाली माझी! क्लास सोडायचा विचार आला, नाही असं नाही. पण ओट्यावर गेले की हात आपोआप फिरायला लागायचा आणि वाटायचं, छे, एवढं आलंय ते सोडायचं कशाला?

गणपतीच्या आधीची शेवटची सुट्टी. आप्पांनी वरून वार केला, मी अडवला, टक झालं. पण या खेपेला मी तिथे थांबले नाही. मनगट फिरलं, काठी खालून वळून आली आणि त्यांच्या अंगठ्यावर बसली. काठी खाली पडली. मी माझी काठी फेकली, त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि भोकाड पसरलं. आई हळद घेऊन धावत आली, "बापाचा हात मोडला का गं, मेले!"

दुसऱ्या दिवशी ते सुजलेला अंगठा घेऊन पाळीला गेले. शेजारच्या लूमवाल्याने आठवडाभर त्यांच्या गाठी मारून दिल्या, हे मला आईकडून कळलं. आप्पा घरी यायचे, डाव्या हाताने जेवायचे, झोपायचे. मी जिंकले होते आणि मला क्लासला जायचं तोंड नव्हतं. दोन्ही काठ्या मी माळ्यावर टाकल्या आणि मनात म्हटलं, आग लागो या काठीला.

पुढच्या सुट्टीला सकाळी मी भांडी घासत होते. आप्पा स्टुलावर चढले, माळ्यावरून काठ्या काढल्या आणि एक माझ्यापुढे धरली. मी नको म्हणून मान हलवली. माझे हात राखेने भरलेले होते, तरी त्यांनी ती माझ्या हातात कोंबली. मग दुसरी डाव्या हातात घेऊन ते दारात जाऊन उभे राहिले.

"आतेपाइन मी डावा हातमा धरसू," ते म्हणाले. "उजवा हात धागाले लागस."